वहमाची दवा

शाळा सुटली होती. आम्ही हजेरीपटातल्या बेरजा करीत बसलो होतो. इतक्यात खालाजान आल्या, बुरख्याच्या आतून एक काडेपेटी काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "बेटा, तू साइन्स पढाता है ना? जरा खुर्दबीन से देख के बता. घरवाले तो मुझे झूठी समझते हैं."

खालाजान आमच्या आईच्या सख्ख्या बहीण नव्हेत. कळमेश्वरच्या आमच्या मोहल्ल्यात सारेच त्यांना खालाजान म्हणतात. त्यांच्या ओसरीत बसून आम्ही नाजरा शिकलो. जेर, जबर, पेश त्यांनीच आमच्या जिभेवर बसवले. अक्षर चुकले तर त्या रागावत नसत. 'पुन्हा नीट बघ' एवढेच म्हणत. आज त्या आम्हाला काडेपेटीत बघायला सांगत होत्या.

आम्ही एकेक कण काचपट्टीवर ठेवून पाहिला. कापसाचे तंतू होते, वाळलेल्या खपलीचे तुकडे होते, ओढणीचा एक लाल धागा होता, मिठासारखे दोन-चार कण होते. कीडा नव्हता. मान वर केली तर निकालाच्या दिवशी मुले पाहतात तशा खालाजान आमच्या तोंडाकडे पाहत होत्या.

त्या क्षणी जो प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला, त्याच्यासाठीच हा लेख आहे. माणसाची समजूत खोटी आहे, पण त्या समजुतीतून होणारा त्रास खरा आहे, अशा वेळी आपण काय करावे? त्याला खरे सांगावे, की आधी बरे करावे? बरे करण्यासाठी खोटे बोलावे काय? त्याच्या नकळत त्याच्या पोटात औषध घालावे काय?

त्या दिवशी आम्ही पळवाट काढली. "खालाजान, आमची खुर्दबीन शाळकरी आहे. मोठ्या दवाखान्यात दाखवू," असे म्हणालो. वाक्य सरळ खोटे नव्हते. पण खरूज करणारा कीटक असता तर त्या शाळकरी खुर्दबिणीतही तो दिसला असता, हे आम्हाला ठाऊक होते.

खालाजानची पहिली शंका वेडगळ नव्हती, हे आधी सांगितले पाहिजे. खरूज हा खरा रोग आहे. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असा कीटक कातडीत बीळ करून राहतो, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला खाज सुटते आणि रात्री ती वाढते. आमच्या वर्गात तर ही तक्रार वरचेवर असते. एका मुलाला झाली की घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध लावावे लागते, कपडे-अंथरुणे गरम पाण्यातून काढावी लागतात. खालाजानच्या घरी हे सारे दोनदा झाले. मलम झाले, गोळ्या झाल्या. साखर, थायरॉईड, बी-१२, यकृत, मूत्रपिंड यांच्या तपासण्या झाल्या, कारण यांच्या बिघाडातही अंगाला खाज सुटते किंवा काही सरपटल्यासारखे वाटते. सगळे अहवाल ठीक आले. घरातल्या बाकी कुणालाही काही नव्हते.

तरी खालाजानना किडे सरपटताना जाणवत. दिसतही. त्यांनी फिनेलच्या पाण्याने अंघोळ केली, केसांना रॉकेल चोळले, नवी गादी जाळली. एकदा तर कपाशीवर फवारायचे औषध अंथरुणावर मारले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामुळे त्या डब्याचे भय विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. सुनेने सांगितले की हात, मान, मांड्या ओरबाडून रक्ताळल्या आहेत, पण पाठीच्या मधोमध, जिथे नख पोचत नाही तिथे, कातडी अगदी स्वच्छ आहे. किडे पाठ सोडून बाकी अंगावर कसे राहतील, असा तिचा साधा प्रश्न होता. तो प्रश्न बरोबर होता, पण तो ऐकून खालाजानची समजूत तसूभरही हलली नाही.

या आजाराला भ्रम म्हणतात. जे नाही ते दिसणे किंवा जाणवणे हा भास. आणि पुरावा उलटा असूनही एखादी गोष्ट खरीच आहे अशी अढळ खात्री हा भ्रम. फ्रान्समधले त्वचारोगतज्ज्ञ थिबिएर्ज यांनी १८९४ साली अशा रोग्यांविषयी लिहिले. १९३८ साली स्वीडनचे डॉक्टर एकबॉम यांनी याचे सविस्तर वर्णन केले; म्हणून पुष्कळ ठिकाणी हा आजार त्यांच्या नावाने ओळखला जातो. उतारवयाकडे झुकलेल्या स्त्रियांत तो अधिक आढळतो. रोगी पुरावा म्हणून डबीत कण घेऊन येतात, हे जगभर इतके घडते की डॉक्टरांनी त्याला 'काडेपेटीची खूण' असे नावच दिले. आता काडेपेटीऐवजी प्लास्टिकची पिशवी आणि मोबाइलवरचे फोटो येतात, एवढाच फरक. आमच्या टेबलावरची ती काडेपेटी पॅरिसमध्येही आली असेल, स्टॉकहोममध्येही आली असेल, याचे आम्हाला नवल वाटले आणि थोडा धीरही आला.

खरे तर आपली भाषाच आपल्याला या आजाराच्या उंबरठ्यावर आणून सोडते. मांडी घालून फार वेळ बसलो की आपण म्हणतो, पायाला मुंग्या आल्या. एकही मुंगी नसते. एखाद्याने हट्ट धरला की म्हणतो, त्याच्या डोक्यात किडा वळवळतो. कुणी त्याचे डोके उघडून पाहत नाही. आपण 'मुंग्या' म्हणतो आणि हसून पाय झटकतो. खालाजानच्या बाबतीत ते हसणे आणि झटकणे थांबले होते. मुंग्या येण्याची जाणीव खरीच होती, तिचा अर्थ मात्र चुकला होता, आणि तो चुकलेला अर्थ कातडीला चिकटून बसला होता.

मोहल्ल्यात लोक म्हणत, "वहम की दवा तो हकीम लुकमान के पास भी नहीं थी." म्हण जुनी आहे आणि ती म्हणून लोक मोकळे होतात. पण आज ती तेवढीशी खरी राहिलेली नाही. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोरुग्णांना देण्यात आले आणि भ्रमावर औषध असू शकते हे जगाला कळले. १९७० नंतर पिमोझाइड नावाचे औषध या किड्यांच्या भ्रमावर दिले जाऊ लागले. त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून आता रिस्पेरिडोन, ओलान्झापीन अशी नंतरची औषधे बहुधा आधी देतात. मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रासायनिक संदेशाचा जोर ती कमी करतात. या आजारात मात्रा सहसा लहान लागते आणि गुण यायला काही आठवडे जातात. मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत, कारण रोगी थोडे आणि मनाच्या डॉक्टरकडे जाणारे त्याहून थोडे. पण जे औषध घेतात त्यांतल्या पुष्कळांना बरे वाटते, असा डॉक्टरांचा अनुभव आहे. म्हणजे लुकमानकडे नव्हती ती दवा आज नागपूरच्या कोणत्याही मोठ्या औषधाच्या दुकानात मिळते. अडचण वेगळीच आहे. ज्याच्या कातडीत किडे आहेत असे त्याला वाटते, तो मनाचे औषध का म्हणून घेईल?

खालाजानचा मुलगा एमआयडीसीत कामाला आहे. एका रात्री तो आमच्याकडे आला. त्याच्या खिशात पाण्यासारख्या पातळ औषधाची बाटली होती. त्याने दोन गोष्टी मागितल्या. पहिली अशी: "तुम्ही अम्मीला सांगा की खुर्दबिणीत किडे दिसले आणि या दवेने ते मरतात. ती तुमचं ऐकेल." दुसरी अशी: ते जमत नसेल तर तो थेंब चहात घालून देईल, आम्ही फक्त कुणाला सांगायचे नाही. आम्ही का-कू करतो आहोत हे पाहून तो म्हणाला, "सर, सुलह करण्यासाठी खोटं बोललेलं माफ आहे. हे तुम्हीच आम्हाला शिकवलं."

पहिल्या गोष्टीला आम्ही नकार दिला. दुसरीवर गप्प बसलो. गप्प बसणे म्हणजे नकार नव्हे, हे आम्हाला तेव्हाही कळत होते.

सुरुवातीला सारे चांगले घडले. खालाजानना झोप लागू लागली. हातांवरच्या खपल्या वाळल्या. ओसरीत मुली पुन्हा शिकायला येऊ लागल्या. मुलगा भेटला की नजरेनेच सांगे, बघा, जमले. मग काही दिवसांनी खालाजानचे पाय जड झाले, हात आखडू लागले, चालताना पावले घसटू लागली. या औषधांचा हा ठाऊक असलेला उपसर्ग आहे. सुस्ती, वजन वाढणे, साखर वाढणे, हातपाय ताठरणे, बेचैनी हे सारे होऊ शकते, आणि तसे झाले तर मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात. पण आपण औषध घेतो आहोत हे खालाजानना माहीतच नव्हते. त्यांनी त्या ताठरण्याचा त्यांना ठाऊक असलेला एकच अर्थ लावला. त्या म्हणाल्या, "किडे आता हाडांत शिरले."

आणि एका सकाळी त्यांनी सुनेच्या हातातली बाटली पाहिली.

त्या दिवसापासून त्यांनी घरचे अन्न सोडले. वेगळ्या भांड्यात स्वतःची खिचडी शिजवायच्या, पाणी सार्वजनिक नळावरून स्वतः भरून आणायच्या. औषध अर्थातच बंद झाले, आणि खाज परत आली. चार दिवसांनी त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत. विचारले, "तुझे मालूम था?"

"हो," आम्ही म्हणालो. यापेक्षा जड शब्द आम्ही आयुष्यात उच्चारलेला नाही.

त्यानंतर पुष्कळ रात्री आम्ही या प्रकरणाचा विचार केला. आपल्या परंपरेत याला तोलामोलाचे उदाहरण आहे काय, हे शोधू लागलो तेव्हा इब्न सिना यांची ती प्रसिद्ध गोष्ट आठवली. बाराव्या शतकात समरकंदच्या निजामी अरूजी यांनी 'चहार मकाला' या फारसी ग्रंथात ती सांगितली आहे. बुवैही घराण्यातला एक शहजादा आपण गाय आहोत असे समजू लागला. हंबरायचा, मला कापा आणि माझ्या मांसाचे कालवण करा म्हणायचा, आणि शेवटी त्याने अन्न सोडले. हकीम थकले. इब्न सिना खाटकाच्या वेशात सुरी घेऊन आले, गाय कुठे आहे म्हणून विचारले, शहजाद्याला आडवे पाडून त्याच्या फासळ्या चाचपल्या आणि म्हणाले, ही फारच रोड आहे. आधी हिला खाऊ-पिऊ घाला, लठ्ठ झाली की कापू. शहजादा खाऊ लागला, खाण्यातून त्याला औषधही दिले गेले, आणि तो बरा झाला.

ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि अभिमान वाटावा अशीच ती आहे. हजार वर्षांपूर्वी भ्रम हा आजार आहे आणि त्याला मारझोड नव्हे तर इलाज हवा, हे एका हकिमाने ओळखले होते. पण खालाजान आमच्या दारातून निघून गेल्या त्या रात्री या गोष्टीतली एक उणीव आमच्या प्रथमच लक्षात आली. शहजादा बरा झाला इथे गोष्ट संपते. त्याला नंतर कुणी सांगितले काय, की तो खाटिक म्हणजे हकीम होता, सुरी खोटी होती आणि अन्नात औषध होते? ऐकून तो हसला, की त्याने पुढे कुणाच्या हातचे खाणेच सोडले? निजामी अरूजींनी ते लिहिलेले नाही. इब्न सिना यांचे निधन १०३७ चे; गोष्ट लिहिली गेली ती त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. गोष्ट सांगणाऱ्याला शेवट गोड करता येतो. घरात मात्र बरे झाल्यावरचे दिवसही काढावे लागतात.

आमच्या मते नकळत दिलेल्या औषधात तीन दोष आहेत. पहिला असा की रोग्याला स्वतःच्या शरीराचा हिशेब लावता येत नाही. पाय का जड झाले हे ज्याला माहीत नाही, तो तक्रार घेऊन योग्य दारात जाऊ शकत नाही. दुसरा असा की औषध चोरून किती दिवस देणार? या आजारात औषध महिनोन्‌महिने घ्यावे लागते, आणि सोडले की खाज पुष्कळदा परतते. एवढी लांब चोरी कुठल्याही घरात टिकत नाही. तिसरा दोष सर्वांत मोठा. खालाजानचा तोवरचा संशय खोटा होता. कातडीत किडे नव्हते. पण 'माझ्या अन्नात माझ्याच घरचे काहीतरी घालतात' हा त्यांचा नवा संशय शंभर टक्के खरा होता. जो माणूस खऱ्या-खोट्याच्या सीमेवर धडपडत उभा आहे, त्याच्या पायाखालची उरलीसुरली खरी जमीन आम्ही काढून घेतली. सुलहसाठी खोट्याची सवलत आहे ती दोन तुटलेली मने सांधण्यासाठी. आमच्या खोट्याने सांधलेली मने तुटली.

मुलाने यावर आम्हाला जे विचारले ते वाचकांपासून लपवून ठेवणे बरोबर होणार नाही. तो म्हणाला, "मग काय करायला हवं होतं? तिने तो फवारा डोळ्यांत मारून घेतला असता तर? तुमचं खरं बोलणं कबरीवर लावायचं होतं का?" या प्रश्नाला तोंड न देता जो सत्याचा कैवार घेतो, त्याने रोग्याचे घर पाहिलेले नाही. जीव धोक्यात असेल तर थांबणे हा गुन्हा आहे, हे आम्हालाही मान्य आहे. पण त्यासाठी चहाचा कप हा एकच मार्ग नाही. २०१७ साली संसदेने मानसिक आरोग्यसेवा कायदा केला आणि २०१८ पासून तो अमलात आला. मानसिक आजार असलेल्या माणसालाही आपल्या उपचाराचा निर्णय घेता येतो असे तो धरून चालतो. त्याचा निर्णय आपल्याला चुकीचा वाटला एवढ्यावरून त्याची समज गेली असे ठरत नाही. समज खरोखरच गेली असेल किंवा जिवाला धोका असेल, तर नातेवाइकांच्या मदतीने, डॉक्टरांच्या तपासणीने, लेखी नोंदीने आणि ठरलेल्या मुदतीपुरता उपचार करता येतो. अशा उपचारात सक्ती असते, पण ती उघड असते. तिच्याविरुद्ध दाद मागता येते. चहात विरघळलेल्या सक्तीविरुद्ध दाद कुणाकडे मागायची?

उघड सक्तीही किती क्रूर होऊ शकते, हे आपण जाणतो. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी मनोरुग्ण आश्रयगृहाला आग लागली. रोगी साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ माणसे गेली. त्यांतल्या बहुतेकांना त्यांच्याच माणसांनी बरे होण्याच्या आशेने तिथे आणून सोडले होते. दुवा मागणे वेगळे आणि माणसाला बांधून ठेवणे वेगळे. आज कायद्याने रोग्याला साखळीने बांधायला मनाई आहे.

इथे कुणी आम्हाला अडवून विचारील की वेडा कोण हे ठरवणारे तुम्ही कोण? नागपूरकरांना हा प्रश्न विचारण्याचा पुरेपूर हक्क आहे. हजरत ताजुद्दीन बाबांना १८९२ साली नागपूरच्या पागलखान्यात ठेवण्यात आले होते. १९०८ साली राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना बाहेर आणून शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात नेले. आज ताजबागेत साऱ्या धर्मांचे लोक डोके टेकवतात. सरकारी कागदावर जो वेडा होता, तो लाखोंच्या लेखी वली ठरला. मग खालाजानच्या म्हणण्याला भ्रम म्हणण्याचा अधिकार आम्हाला कुणी दिला?

आमचे उत्तर असे की समजूत जगावेगळी आहे एवढ्यावरून तिला आजार म्हणू नये. २०१७ चा कायदाही तेच सांगतो: समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक समजुतींशी जुळत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. कसोटी त्रासाची आहे. बाबांच्या हालाने कुणाची कातडी रक्ताळली नाही. लोक त्यांच्याकडे शांती घेण्यासाठी गेले. खालाजान मात्र रात्र-रात्र जागत होत्या, नमाजेत हात बांधून उभे राहता येत नाही म्हणून रडत होत्या, आणि मुलींना किडे लागतील या भयाने त्यांनी शिकवणे बंद केले होते. त्यांचा किडा आम्ही नाकारू शकतो. त्यांचे रडणे नाकारण्याचा अधिकार आम्हाला नाही. 'वहम है' असे म्हणणारे लोक नेमके इथे चुकतात. किडा खोटा ठरला की त्यांच्या लेखी दुःखही खोटे ठरते.

मनाची औषधे परकी आहेत, ती खाल्ली की माणूस कामातून जातो, आपल्यात तावीज आणि दम हेच बरे, असेही आपल्याकडे बोलले जाते. तावीज घालणाऱ्याच्या श्रद्धेवर आम्हाला बोट ठेवायचे नाही. पण प्रत्येक आजारासोबत त्याची दवाही उतरवली आहे, ही शिकवण आपलीच आहे, आणि दवा शोधायची ती माणसानेच. सर्पगंधा ही वनस्पती युनानी हकीम असरोल या नावाने आणि वैद्य आपल्या परीने वेडावर पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. १९३१ साली हकीम अजमल खान यांनी उभारलेल्या दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी तिच्या मुळांतून निघणारी द्रव्ये वेगळी केली आणि त्यांतल्या एकाला हकीमसाहेबांच्या नावावरून अजमलीन हे नाव दिले. त्याच वर्षी सेन आणि बोस यांनी ही वनस्पती वेडावर आणि रक्तदाबावर चालते असे लिहिले. पुढे १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्याच मुळांतून रिझर्पीन निघाले आणि काही वर्षे अमेरिकेपर्यंत मनोरुग्णांना ते दिले गेले. त्याचे दुष्परिणाम पाहून नंतर ते मागे पडले आणि दुसरी औषधे आली. म्हणजे मनाच्या औषधाच्या इतिहासात आपण पाहुणे नाही. त्या घराचा एक दरवाजा आपल्याच हकिमांनी बांधलेला आहे.

आता शेवटची हकिगत. खालाजान आमच्याशी तीन आठवडे बोलल्या नाहीत. मग एका जुम्याच्या दिवशी आम्ही त्यांच्या ओसरीत जाऊन बसलो, लहानपणी बसायचो तसेच खाली. म्हणालो, "खालाजान, खुर्दबिणीत आम्हाला किडा दिसला नव्हता. तेव्हा सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. चहाची गोष्ट माहीत होती, तीही सांगितली नाही. दोन्ही गुन्हे आमचे. पण तुमचे हात आम्हाला दिसतात. तुम्हाला झोप नाही हे दिसतं. त्याच्यावर दवा आहे. ती किड्यांची नाही." त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग विचारले, "पागलों की है?"

या प्रश्नाचे उत्तर नागपूरच्या एका डॉक्टरबाईंनी आमच्यापेक्षा फार चांगले दिले. त्यांनी काडेपेटीतले कण आधी नीट पाहिले, घाई केली नाही. 'किडे आहेत' म्हणाल्या नाहीत आणि 'किडे नाहीत, घरी जा' असेही म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मला यात कीडा सापडला नाही. पण तुम्हाला जे जाणवतं ते जाणवतं, त्याबद्दल मला शंका नाही. ही दवा मोठ्या मात्रेत मनाच्या आजारांना देतात. तुमच्यासारख्या त्रासात थोडी पुरते. कातडीकडून मेंदूला जो गोंगाट पोचतो तो ती कमी करते. पाय जड झाले, हात आखडले तर त्याच दिवशी मला कळवा, मात्रा बदलू. नको वाटली तर मला सांगून थांबवा, पण गुपचूप थांबवू नका. आणि घरच्यांनो, तुम्हीही गुपचूप काही देऊ नका." खालाजाननी एक अट घातली: गोळी त्या स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पेल्यातल्या पाण्याने घेतील. अट मान्य झाली.

आता त्यांना बरे आहे. गोळी चालू आहे, मात्रा आणखी लहान झाली आहे. घरचा चहा त्यांनी पुन्हा प्यायला सुरुवात केली, पण त्याला गोळीपेक्षा जास्त दिवस लागले. 'किडे नव्हतेच' असे त्या आजही म्हणत नाहीत. 'किडे गेले' म्हणतात. आमच्यातल्या मास्तराला आधी हे खुपायचे. चुकीचे उत्तर तसेच सोडून पुढचा धडा घेतल्यासारखे वाटायचे. आता खुपत नाही. त्यांच्याकडून कबुलीजबाब घेणे हे आमचे काम नव्हते. खरे बोलण्याची जबाबदारी आमच्यावर होती, त्यांनी ते मान्य करावे ही नव्हे. खरे सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याला तेवढी मोकळीक द्यायला हवी.

वाचकांपैकी कुणाच्या घरी अशी काडेपेटी आली असेल तर तिला हसू नका आणि फेकूनही देऊ नका. ती उघडून पाहा, मग त्या माणसाला त्वचेच्या डॉक्टरकडे न्या, आणि गरज पडली तर मनाच्या डॉक्टरकडे, त्याला सांगून न्या. सरकारच्या टेली-मानस या सेवेचा १४४१६ हा फोन क्रमांकही २०२२ पासून आहे.

हा लेख लिहिण्याआधी आम्ही खालाजानना विचारले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहू, असेही सांगितले. त्या म्हणाल्या, "लिख. चायवाली बात जरूर लिख."